जुळ्यांना नावं ठेवताय?

"गुरुजी, 'रो'वरून दोन नावं सांगा. जुळणारी पाहिजेत बरं का!" शाळेतून निवृत्त झाल्यापासून असं विचारायला कोणी ना कोणी येतच असतं. 'रो'वरूनच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: पत्रिकेत तेच अक्षर आलं.

घोटाळा सुरू होतो तो इथूनच. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एक चरण सहा तासांचा. जुळी जन्मतात ती बहुतेक काही मिनिटांच्या अंतराने, तेव्हा दोघांना एकच अक्षर येणार हे उघड आहे. स्वातीच्या तिसऱ्या चरणाला 'रो' आला की एक रोहित होतो, दुसरा रोहन. कागदावर दिसायला छान. पण आपल्या खान्देशात नाव कागदावर किती दिवस टिकतं? गल्लीत आठवडाभरात रोहितचा रोह्या होतो आणि रोहनचाही रोह्याच. म्हणजे दोन नावं ठेवली आणि हाती एकच लागलं. पुढे 'मोठा रोह्या', 'बारका रोह्या' आणि शेवटी नुसता 'बारक्या'. पाच मिनिटं उशिरा जन्मल्याची ही शिक्षा माणूस साठीपर्यंत भोगतो.

पत्रिकेवर विश्वास असेल तर ते अक्षर जरूर पाळा, पण पत्रिकेतल्या नावासाठी. व्यवहाराचं नाव वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

माझं सांगणं एवढंच आहे, की जुळ्यांची नावं अर्थाने जुळू द्या, आवाजाने नको. केळीच्या बागेच्या त्या टोकाला असलेल्या पोराला बांधावरून हाक मारून बघा. हाक मारताना आपण शेवटचं अक्षर लांबवतो, म्हणून लांबवर पोचतं तेही शेवटचंच. सीता आणि गीता, दोघींपर्यंत नुसता 'ताऽऽ' जातो. मग दोघी तरी येतात किंवा दोघीही येत नाहीत. आणखी एक परीक्षा आजीच्या तोंडची. लेवा बोलीत केळीची केयी होते, डोळ्याचा डोया होतो, तशी काजळची काजय होणार. त्यात वाईट काही नाही, पण नाव पक्कं करण्याआधी आजीकडून एकदा वदवून घ्या.

यमक जुळवायची ही हौस फार जुनी नसावी. 'राम और श्याम' सिनेमा १९६७ चा, 'सीता और गीता' १९७२ चा. आपल्या पुराणातली जुळी बघा: लव-कुश, नकुल-सहदेव, लक्ष्मण-शत्रुघ्न. एकाही जोडीत पहिलं अक्षर सारखं नाही आणि यमकही नाही. तरी एक नाव घेतलं की दुसरं आठवतंच ना?

आणि आपण तर मुक्ताईच्या गावचे. आपलं गाव पूर्वीचं एदलाबाद, आता एका बहिणीच्या नावाने ओळखलं जातं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही भावंडं जुळी नव्हती, पण भावंडांची नावं कशी जुळवावीत याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. निवृत्ती म्हणजे संसारातून मन काढणं, मग ज्ञान, सोपान म्हणजे पायरी आणि शेवटी मुक्ती. ओळीने वाचली तर एक वाट दिसते, सुटी घेतली तर प्रत्येक नाव आपल्या पायावर उभं. चौघांची स्थानंही चार ठिकाणी: त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि आपल्या तापीकाठचं मेहूण-कोथळी, जिथे १२९७ साली मुक्ताई अंतर्धान पावली. आषाढीला चार पालख्या आपापल्या वाटेने पंढरपूरला निघतात. मुक्ताईची पालखी कोणाच्या मागून जात नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण जुळ्यांत एक मुलगा आणि एक मुलगी असली की बऱ्याच घरांत मुलाचं नाव आधी ठरतं आणि मुलीचं त्याला यमक म्हणून चिकटवतात. हे मला मुळीच पटत नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावलं ते धाकट्या बहिणीनेच. शिवाय भाऊ-बहिणीला राधा-कृष्ण किंवा शिव-गौरी ही नावं देऊ नका. ऐकायला गोड वाटतात, पण ती जोडपी आहेत. पोरं आठवीत गेली की वर्ग त्यांना सुखाने बसू देत नाही. सुवर्णा आणि रूपा असंही नको, एकीला सोनं आणि दुसरीला चांदी कशाला?

मग ठेवावं तरी काय? ओवी आणि अभंग ठेवा. केदार आणि आसावरी ठेवा, दोन्ही राग आहेत, जाणकाराला कळेल, इतरांना नाही कळलं तरी अडत नाही. चित्रा आणि स्वाती, आकाशात एकीमागून एक येणारी नक्षत्रं. तापी आणि पूर्णाही सुरेख, पण चांगदेवच्या संगमावर जाऊन या. तिथून पुढे पाणी दोघींचं वाहतं, नाव मात्र तापीचंच चालतं. घरात असं होऊ देणार नसाल तर खुशाल ठेवा.

आता कागदांचं. जुळ्यांची जन्मतारीख एक, पत्ता एक, आडनाव एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लागतं, तेही दोघांचं सारखंच. पाच वर्षांखालच्या बाळाच्या आधारला बोटांचे ठसे घेत नाहीत. म्हणजे वेगळं काय उरलं? बाळाचं स्वतःचं नाव. तेही एकाच अक्षराचं असलं की आद्याक्षरांत दोघं एकच होतात. हजेरीपटावर एकाचे गुण दुसऱ्याच्या रकान्यात गेलेले मी पाहिलेत, आणि एकदा तशी चूक माझ्याच हातून झाली. लसीकरणाच्या कार्डावर असं झालं तर ते निस्तरणं जास्त कठीण.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, दोघांची वेगवेगळी. नाव तेव्हा ठरलं नसेल तरी चालतं, वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. दाखले हातात आले की मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरं तिथेच उभं राहून तपासा.

आणि बारशाला आत्याला एवढं सांगा: दोन्ही नावं एका दमात घेऊ नकोस. एका बाळाच्या कानात त्याचं नाव सांग, कुर्रर्र कर, पेढा खा, मग दुसऱ्या पाळण्याकडे जा.