काचबिंदूला रमजान कळत नाही

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी डोळ्याचं काही अवघड निघालं की रत्नागिरीचा माणूस रातराणीने मुंबई गाठायचा, नाहीतर घाट चढून कोल्हापूर-मिरजेला जायचा. आज डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर मोजणारं यंत्र शहरातच आहे. यंत्रं आली, पण आपली समज जागची हलली नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. हे मी आधी आपल्याच मोहल्ल्यांना आणि जमातींना उद्देशून बोलतोय. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही. त्यांच्या घरातही चित्र फार वेगळं नसावं.

आपल्याकडे डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू आणि डोळ्याचं तंत्रज्ञान म्हणजे मोतीबिंदूची लेन्स, असा हिशेब पक्का बसला आहे. मागे एका खालाला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो (नाव घेत नाही, कारण प्रकार एकाच ठिकाणचा नाही). डॉक्टर भेटायच्या आधी काउंटरवरच्या मुलीने लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला. साधी, मधली आणि वरची अशी तीन पाकिटं होती आणि प्रत्येक पाकिटाला किंमत चढत जाणारी. खालाने विचारलं, "बेटा, यातली कुठली घातली म्हणजे कुराण वाचता येईल?" मुलगी म्हणाली, "आजी, वरची बेस्ट." शेजारी बसलेला भाचा लगेच म्हणाला, "वरचीच घ्या, भाईने पैसे पाठवलेत." आखातातून आलेला पैसा आपल्याकडे असा खर्च होतो. जे दिसतं आणि चार लोकांत सांगता येतं, त्यावर.

लेन्स वाईट नसते, आणि सगळे डॉक्टर लुटतात या नेहमीच्या बडबडीतही मला रस नाही. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली. चार्ल्स केल्मन यांनी १९६७च्या सुमारास मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घ्यायची फेको पद्धत आणली. हे उपकार आहेत आणि ते मानलेच पाहिजेत. पण 'जितकं महाग तितकं चांगलं' हे कुणी सिद्ध केलं? पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांची फेको, निम्म्यांची लहान छेदाची हाताने करायची स्वस्त शस्त्रक्रिया. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याची नजर फेकोत थोडी सरस होती. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे सारख्याच, ९८.४ टक्के लोकांना चांगलं दिसत होतं. त्याहून महाग फेम्टोसेकंद लेझरचं बघा. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्या २०२० साली आल्या. साध्या फेकोपेक्षा नजर अधिक चांगली झाली असं दिसलं नाही, आणि वाढीव खर्च परवडण्याजोगा ठरला नाही. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२पासून लेन्स भारतातच बनवून तिची किंमत दहा डॉलरच्या आत आणली, हे तर जगजाहीर आहे.

म्हणजे पैसे वाचवायला जागा आहे. ते घालायचे कुठे, हा खरा मुद्दा, आणि इथेच आपण आंधळे आहोत.

मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. मधुमेहाने पडदा सुजतो, त्यात रक्त उतरतं. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर उरलेली नजर वाचते, उशीर झाला तर तीही जाते. या दोन्ही आजारांत सुरुवातीला दुखत नाही. समोरचं नीट दिसतं. काचबिंदू कडेने नजर खात येतो, मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून माणूस बाजारात फिरतो, मोटारसायकल चालवतो आणि म्हणतो, मला काय झालंय? हे आजार आपल्याला कळायच्या आधी यंत्राला कळतात. १९९१ साली जगापुढे आलेलं ओसीटी डोळ्याला हात न लावता प्रकाशाच्या परतीवरून पडद्याचा एकेक थर मोजतं. फंडस कॅमेरा पडद्याचा फोटो काढतो. डोळ्यावर हवेची फुंकर मारणारं यंत्र दाब सांगतं. दवाखान्यातली सगळ्यात मोलाची यंत्रं हीच, आणि आपले लोक यांनाच 'उगाच तपासण्या लावल्या' म्हणतात. वरच्या लेन्सला हजारो मोजणारा माणूस पडद्याच्या फोटोला घासाघीस करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख होता. आपल्या दावतींतलं ताट बघता आपण त्यात मागे असू असं मला वाटत नाही. टाइप दोनचा मधुमेह सापडला त्याच दिवसापासून वर्षातून एकदा पडदा तपासायचा असतो. तुमच्या घरात कितीजण तपासतात?

आता रमजान. काचबिंदूचे थेंब म्हणजे रोजचं औषध, दाब वाढू नये म्हणून. आपल्याकडे रोजे सुरू झाले की बाटली कपाटात जाते. महिनाभर डोळ्यातला दाब मोकाट. कोण सांगतं हे? कुणीच नाही, रोजा मोडेल अशी नुसती भीती. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मताप्रमाणे डोळा हा पोटाकडे जाणारा उघडा मार्ग मानलाच जात नाही. सुरमा किंवा थेंब घातल्याने रोजा तुटत नाही. हनफीही तेच सांगतात. मालिकींचा मतभेद आहे, पण मिरकरवाड्यात मालिकी किती? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७च्या ठरावात रोजा न मोडणाऱ्या गोष्टींत डोळ्याचे थेंब घातले आहेत. घशात उतरलेलं गिळू नका, एवढीच अट. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटं दाबून धरला की औषध घशाकडे उतरणं बरंच थांबतं, शिवाय ते डोळ्यातच राहून जास्त काम करतं. डॉक्टरही हेच शिकवतात. ज्यांचा थेंब फक्त रात्रीचा, तेही तो बंद करतात. याला काय म्हणायचं? चंद्र दिसला की नाही यावर आठवडाभर वाद घालणाऱ्या आमच्या मौलवी साहेबांना जुम्याच्या बयानात या विषयासाठी दोन मिनिटं मिळू नयेत?

बायकांचं तर आणखी वेगळं. 'मुलगा दुबईहून आला की बघू.' मुलगा दोन वर्षांनी येतो, चाळीस दिवस राहतो, त्यात एक लग्न आणि एक घरदुरुस्ती. आईचा नंबर लागत नाही. तिला तांदळातले खडे दिसेनासे होतात तेव्हा सून निवडते, आणि घरात कुणाला काही खटकत नाही.

या सगळ्यात व्हॉट्सॲपवर इब्न अल-हैसम फिरत असतो. हजार वर्षांपूर्वी त्याने काहिऱ्यात किताब अल-मनाझिर लिहिली; त्याच काळात, त्याच शहरात अम्मार अल-मौसिली पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढत होता. खरं आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण हैसम ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः तपासून बघायचा. त्याचं नाव फॉरवर्ड करणाऱ्याने स्वतःचा पडदा कधी तपासला होता?

माझी मागणी साधी आहे. मोबाईलला जोडता येणारा फंडस कॅमेरा आता भारतातच बनतो. फोटो काढायला शिकवलेला माणूस पुरतो, वाचायला डॉक्टर दूर बसलेला चालतो. मशिदीला नवी झुंबरं आणि एसी लावणाऱ्या जमातींनी असा एक कॅमेरा घ्यावा. जकातीतून यंत्र घेता येतं का यावर उलेमांत मतभेद आहेत. मग लिल्लाहचा पैसा आहे ना. राजीवाड्याला एक रविवार, जयगडला एक, राजापूरला एक. मदरशाचा हॉल तसाही दुपारी रिकामा असतो. शेजारच्या वाडीतल्या हिंदू मधुमेहींनाही बोलवा, पडद्याला जात-धर्म नसतो. ज्यांच्या फोटोत काही निघेल त्यांची नावं वहीत लिहा आणि ते दवाखान्यात पोचले का हे महिन्याने विचारा. शिबिरं इथेच फसतात. फोटो काढले जातात, बातमी छापून येते, पाठपुरावा कुणी करत नाही.

आणि हे शाबानच्या आधी करा, म्हणजे ज्यांना थेंब सुरू होतील त्यांना पहिल्या रोज्याच्या आत कोपरा कसा दाबायचा हे शिकवून होईल.