पहिली तपासणी कोणाची?

गेल्या महिन्याच्या टपालांत आलेल्या एका पत्रानें आम्हांस बराच वेळ विचार करावयास लाविलें. पत्र एका सासूबाईंचें आहे, आणि तें मायेनें लिहिलेलें आहे हें आधींच सांगितलें पाहिजे. सुनेच्या लग्नास पांच वर्षें झालीं, मूल नाहीं; तिचें रक्त तपासून झालें, सोनोग्राफी दोन वेळां झाली, सोळा सोमवार झाले, नरसोबाच्या वाडीसही मंडळी जाऊन आलीं. शेवटीं एक ओळ आहे : चिरंजीवांस तपासण्याचें कारण दिसत नाहीं, तो चांगला धडधाकट आहे. आम्ही अडखळलों तें ह्या ओळीपाशीं.

धडधाकटपणाचा आणि संततीचा संबंध लोक समजतात तितका निकट नाहीं. दांपत्यव्यवहारांत कांहीं उणें नसतें, वीर्यही दिसावयास नेहमीसारखें असतें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत एकही शुक्रजंतु सांपडत नाहीं, अशी स्थिति शंभर पुरुषांपैकीं सुमारें एकाची असते. ज्यांच्या जंतूंची संख्या किंवा गति कमी असे तर ह्याहून पुष्कळ. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वांटा असतो. कधीं एकट्या त्याचाच, कधीं स्त्रीकडील कारणाच्या जोडीनें. ही तपासणी सर्वांत सोपी, खर्चानें थोडी, सुईदेखील न टोंचणारी! तरी आपल्या घरांत ती शेवटीं होते, किंवा होतच नाहीं. आमच्या आईच्या मामांनीं फार वर्षांपूर्वीं ह्याच कारणास्तव दुसरा विवाह केला होता. दुसरीलाही मूल झालें नाहीं. घरच्या मंडळींनीं त्यावरून निष्कर्ष काढला तो असा कीं, बिचाऱ्याच्या नशिबीं दोन्ही बायका वांझ आल्या. लहानपणीं ही हकीकत ऐकली तेव्हां तो निष्कर्ष आम्हांसही पटला होता.

शुक्रजंतूंची उत्पत्ति मेंदूच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूष ग्रंथीच्या हुकमानें चालते. हे हुकूम म्हणजेच तिचे अंतःस्राव, ज्यांस आज सर्वत्र हॉर्मोन म्हणतात. आतां व्यायामशाळेंत शरीर लवकर भरावें म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें घेतो. ग्रंथीस वाटतें कीं माल भरपूर आहे, आणि ती हुकूम सोडणेंच थांबविते. दंड फुगतात, आणि इकडे शुक्रजंतूंची पैदास बंद पडते! इंजेक्शनें सोडल्यावर ती बहुधा पुन्हां सुरू होते, पण त्यांत महिने जातात. एक शुक्रजंतु पुरता तयार होण्यासच सुमारें अडीच महिने लागतात. म्हणून मोठ्या तापानंतर लगेच केलेल्या एकाच तपासणीवर विसंबूं नये.

सुनेच्या अहवालांत पीसीओडी आहे, पाळी दोन-दोन महिने चुकते. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल ह्या डॉक्टरांनीं १९३५ सालीं सात स्त्रियांच्या हकीकतींवरून ही विकृति वर्णिली. अंडाशयांत गांठी आहेत असें ऐकून घरें घाबरतात. वस्तुतः त्या गांठी नव्हेत, वाढ अर्ध्यांत थांबलेल्या बीजाच्या पिशव्या आहेत. इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासें होतें, हें त्यामागचें एक मोठें कारण. वजन अधिक असल्यास शेंकडा पांच-दहानें उतरलें तरी पुष्कळींची पाळी मार्गावर येते; नाहीं तर लेट्रोझोलच्या गोळ्या आहेत. थायरॉइड मंदावल्यानें किंवा प्रोलॅक्टिन वाढल्यानेंही पाळी अडते. हें प्रोलॅक्टिन डॉम्पेरिडोननें वाढतें, आणि तें तर आम्लपित्तावरील कित्येक गोळ्यांत मिसळलेलें असतें! असल्या गोळ्यांची हकीकत डॉक्टरांस जरूर सांगावी. आपल्या देशांत क्षयही विसरून चालत नाहीं. खोकला ना ताप, आणि आंत बीजवाहिन्या बुजून जातात.

पण सुनेचा दोष सांपडला म्हणून मुलाची तपासणी अनावश्यक ठरत नाहीं. सून तेहतीस वर्षांची आहे. स्त्रीच्या बीजांचा सांठा जन्मतःच ठरलेला असतो व पस्तिशीनंतर तो झपाट्यानें ओसरूं लागतो; म्हणून एरव्हीं वर्षभर वाट पाहावयास सांगणारे डॉक्टर पस्तिशीनंतर सहाच महिने थांबावयास सांगतात.

सासूबाईंस खरी भीति अहवालाची असावी. परंतु दोष निघाला म्हणजे सारें संपलें असें नव्हे. कांहीं दोष औषधानें वा लहानशा शस्त्रक्रियेनें सुधारतात. आणि एकच शुक्रजंतु सुईनें बीजांत सोडण्याची जी युक्ति ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनीं काढली, तिच्यामुळें झालेल्या मुलांची वार्ता १९९२ सालींच प्रसिद्ध झाली आहे.

आम्हीं त्यांस कळविलें तें इतकेंच : चिरंजीवांनीं दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा, तो तासाभरांत प्रयोगशाळेंत पोंचावा, उणें आढळल्यास कांहीं आठवड्यांनीं पुन्हां द्यावा. अहवाल पतिपत्नींनीं मिळून पाहावा. तो दिवाणखान्यांत वाचला जाऊं नये. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.