रिश्त्याचे ग्रुप आणि मुलीचा बायोडेटा

रिश्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण मुलीचा बायोडेटा किती सहज टाकतो! फोटो, जन्मतारीख, अब्बांचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता. एका ग्रुपमध्ये १०२४ जण असू शकतात. त्यातले ओळखीचे किती? मग 'दुबईतल्या इंजिनिअर'चा फोन येतो. चार दिवस गोड बोलणे, नंतर पाठवलेली भेटवस्तू कस्टममध्ये अडकली म्हणून पैशांची मागणी. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय शिरायला मनाई आहे. इथे दार आपणच सताड उघडे ठेवतो. आम्हाला विचाराल तर ग्रुपवर वय, शिक्षण, जिल्हा एवढेच पुरे. फोटो घरच्यांची खात्री पटल्यावर, समोरासमोर दाखवावा. पैसे गेलेच तर बदनामीच्या भीतीने मुलीला गप्प बसवू नका. लगेच १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.