रावेरच्या मुलांचे गणित

दहावीचा निकाल लागला की रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे रांगा लागतात. रांगेतल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो शाखेचा. आणि त्याने विज्ञान असे उत्तर दिले, की लगेच दुसरा प्रश्न येतो, गणित घेणार की जीवशास्त्र? वाणिज्य शाखेकडे वळलेल्याला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेण्याची मुभा असते. कला शाखेच्या वाटेस गणित बहुधा जातच नाही. या दोन प्रश्नांना उत्तरे देण्यास मुलाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. बाप केळीच्या कापणीवर गेलेला असतो, आई निंदणीला गेलेली असते. सल्ला देतो तो मागे उभा असलेला मित्र. 'गणित नको, जड जाते', एवढ्या एका वाक्यावर अभियांत्रिकी, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राचे बहुतेक मार्ग बंद होतात, आणि ते बंद झाल्याचे त्या मुलास तीन वर्षांनी कळते.

ही मुलाची निवड आहे, असे शिक्षणखात्यातून सांगितले जाते. ज्या दुकानात एकच माल आहे तेथे गिऱ्हाइकाने निवड केली असे म्हणण्यासारखेच हे आहे. तालुक्याच्या ठिकाणी गणिताचा अभ्यासक्रम टिकतो की मरतो, हे ठरविणारे खरे सूत्र कार्यभाराचे आहे. विद्यार्थी किती, त्यावरून तासिका किती. तासिका किती, त्यावरून प्राध्यापकाचे मंजूर पद. पदवीच्या शेवटच्या वर्षाला गणित हा विशेष विषय घेणारे चार-सहाच विद्यार्थी निघाले, की विषय चालविणे परवडत नाही असा शेरा पडतो. पद रिकामे झाले तर ते भरले जात नाही. मग तासिका तत्त्वावर कोणी पदव्युत्तर तरुण नेमला जातो. त्याला ठरावीक महिन्यांचेच काम आणि तासांवर मोजलेले मानधन मिळते. पुढल्या वर्षी तो असेलच याची खात्री त्याला नसते, विद्यार्थ्यांनाही नसते. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही. हे चक्र आपोआप फिरत असले तरी ते कोणीतरी बसविलेले आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि २००१ पासून नव्या संस्थांवर 'कायम विनाअनुदानित' असा शिक्का बसू लागला. त्या दिवसापासून कोणता विषय शिकवायचा याचा निर्णय हळूहळू शुल्काच्या हिशेबाकडे सरकत गेला. ज्या विषयाला गिऱ्हाईक आहे तो चालतो. गणिताला गिऱ्हाईक आहेच. परंतु ते जळगावच्या, लातूरच्या किंवा कोट्याच्या खासगी वर्गांत पैसे मोजून बसलेले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात केवळ नाव नोंदवायचे आणि गणित बाहेर विकत घ्यायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी आता कोणास संकोचही वाटत नाही. विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला गणितात 'गती नाही' असे ठरविले जाते.

२०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद चर्चेत आली. दहावीला गणित व विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळविणाऱ्यासही पुढे जाता यावे, मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर या विषयांचे पुढील शिक्षण घेता येणार नाही अशा अर्थाचा शेरा असावा, असे तिचे स्वरूप होते. पुन्हा परीक्षा देऊन शेरा टाळण्याची वाटही ठेवण्यात आली होती. या तरतुदीकडे पाहताना न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. गणितात नापास झाल्यामुळे शाळा कायमची सुटलेली मुले, आणि विशेषतः मुली, प्रत्येक खेड्यात आहेत. तीस-बत्तीस गुणांवर अडकून त्यांचे भाषेतले, इतिहासातले यश मातीमोल झाले. त्यांना पुढे जाऊ द्यावे, हे म्हणणे योग्यच आहे. आक्षेप आहे तो शेऱ्याला. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर नव्हता, त्या शाळेचे अपयश पंधरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर लिहून ठेवण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला? पाल परिसरातल्या तडवी किंवा पावरा वस्तीवरील मुलाच्या गुणपत्रिकेवर हा शेरा पडेल आणि शहरातल्या शिकवणीवाल्याच्या मुलावर तो पडणार नाही, हे भाकीत करण्यास गणितही लागत नाही.

कष्टकऱ्यांना उच्च गणित कशाला हवे, असा प्रश्न आपल्याही वर्तुळात कधीकधी विचारला जातो. रावेर तालुक्यातच त्याचे उत्तर आहे. येथील केळी उत्पादकाला हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत सहभागी होता येते. थंडी आणि उन्हाच्या बाबतीत या योजनेत बागेचे झालेले नुकसान मोजले जात नाही. महसूल मंडळासाठी धरलेल्या हवामान केंद्राने नोंदविलेले तापमान ठरावीक अंशांच्या खाली किंवा वर, ठरावीक दिवस सलग राहिले काय, यावर भरपाई ठरते. म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचा निकाल एका आकड्यांच्या तक्त्यावर लागतो. ती मर्यादा कशी ठरली, केंद्रापासून दूर असलेल्या शिवारातील तापमान त्या नोंदीशी किती जुळते, एक दिवस मध्ये तुटला तर भरपाई का बुडावी, हे प्रश्न संख्याशास्त्राचे आहेत. विमा कंपनीकडे ते शास्त्र जाणणारे लोक पगारावर आहेत. शेतकऱ्याच्या बाजूने तोच तक्ता उलगडून दाखविणारा एकही पदवीधर तालुक्यात तयार होत नसेल, तर मोर्चा काढूनही हाती निवेदनाची पोचच येईल. जमावाला आकड्यांचे उत्तर आकड्यांनी देता आले पाहिजे. आणि हे विम्यापुरतेच खरे नाही. किमान वेतनाचा महागाई निर्देशांक असो, दारिद्र्यरेषा असो, जातवार जनगणनेचे कोष्टक असो, श्रमिकांविषयीचे सारे निर्णय आता अशाच भाषेत होतात.

याच खानदेशात गणिताच्या अभ्यासासाठी बाजाराचे उत्पन्न लावून दिल्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ कुळातील सोइदेवाने १२०७ साली त्याला देणगी दिली, असे त्यात नोंदले आहे. लेखाच्या शेवटचा मराठी भाग तर हिशेबाचाच आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून व विक्रेत्याकडून काय घ्यावयाचे, तेलाच्या घाण्यामागे मठाला किती द्यावयाचे, हे त्यात सांगितले आहे. 'लीलावती'त व्याज, मिश्रणे, धान्याच्या राशी आणि लाकडाची करवतणी यांचे गणित आहे, म्हणजे ते बाजारातून आणि कारागिराच्या हातातूनच आलेले आहे. त्या मठाचा गौरव करणारे भरपूर आहेत. परंतु घाण्यावर कर देणाऱ्या तेल्याच्या मुलाला त्या मठात बसून 'लीलावती' शिकता आली असेल, असे समजण्यास त्या समाजरचनेत काहीच आधार नाही. कर सर्वांचा आणि विद्या थोड्यांची, ही व्यवस्था तेव्हा धर्माच्या नावाने चालली. आज साबणापासून खतापर्यंत वस्तू व सेवा कर भरणाऱ्या मजुराच्या मुलीला गणिताचा प्राध्यापक नाकारला जातो तो कार्यभाराच्या नावाने.

अमेरिकेसारख्या भांडवली देशातही हा झगडा झालेला आहे. तेथे कामगारवस्तीतल्या मुलांसाठी, नोकरी करीत शिकणाऱ्या प्रौढांसाठी स्थानिक द्विवर्षीय महाविद्यालये आहेत. कॅलिफोर्नियात १९८४ पर्यंत त्यांत शुल्कच नव्हते. परंतु प्रवेशाच्या वेळी चाचणी घ्यायची आणि कमी पडलेल्यास पदवीत न धरल्या जाणाऱ्या पूर्वतयारीच्या गणितवर्गांत बसवायचे, अशी पद्धत होती. त्या वर्गांच्या साखळीतच हजारो गरीब व काळे विद्यार्थी गळून जात. २०१७ साली तेथे कायदा करून ही साखळी तोडण्यात आली: विद्यार्थ्यास थेट पदवीच्या गणितात घ्यावे आणि मदत त्याच वेळी, त्याच वर्गाबरोबर द्यावी, असे धोरण आले. ते पुरते यशस्वी झाले काय याबद्दल तेथे मतभेद आहेत. मिसिसिपीत १९६० च्या दशकात काळ्यांच्या मतनोंदणीसाठी जिवावर उदार होऊन लढलेल्या बॉब मोझेस यांनी १९८२ पासून आपले पुढील आयुष्य बीजगणिताच्या शिकवणीसाठी वाहिले. मताच्या हक्काइतकाच बीजगणिताचा हक्क मोलाचा आहे, ही त्यांची भूमिका आपल्याकडील पुरोगामी चळवळीने अजून गंभीरपणे घेतलेली नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, पण तिचा रोख कौशल्याच्या पदविकांवर राहिला. गरिबाच्या मुलाने हात चालवावा, डोके दुसऱ्याने चालवावे, हा जुना विचारच तीत नव्या नावाने आला. २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची सोय त्यात आहे. कागदावर मराठीच्या विद्यार्थिनीला गणित घेता येते. प्रत्यक्षात ज्या विषयाला माणूस आहे तोच घेता येतो. याच वर्षी शासनाने आठ लाखांच्या आतील उत्पन्नगटातील मागास व दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क संपूर्ण माफ केले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु अकरावीला गणित मिळालेच नाही, तर अभियांत्रिकीच्या माफ शुल्काचा तिला काय उपयोग?

१९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, आणि त्यासाठी साने गुरुजींनी खानदेश पालथा घातला. रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री झाले. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंचे नाव २०१८ साली येथील विद्यापीठाला दिले गेले. एवढा वारसा सांगणाऱ्या भागाने विद्यापीठाकडे आणि शासनाकडे मागणी करावी ती स्पष्ट असावी. तालुक्याच्या प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात गणिताचे व संख्याशास्त्राचे किमान एकेक पूर्णवेळ पद विद्यार्थिसंख्येची अट न लावता द्यावे. अकरावीला गणित सोडलेल्यांसाठी आणि शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी सायंकाळचा, मराठीतून शिकविला जाणारा विनाशुल्क जोडवर्ग असावा, आणि तो उत्तीर्ण होणाऱ्यास पुढचे सर्व मार्ग खुले असावेत. गुणपत्रिकेवरील शेऱ्याची कल्पना समूळ सोडून द्यावी.

त्यापूर्वी कार्यकर्त्यांना हाती घेण्याजोगे एक काम आहे. आपल्या तालुक्यातील अनुदानित महाविद्यालयांत गणिताची मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती, आणि गेल्या पाच वर्षांत प्रथम वर्षाला गणित घेतलेल्यांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती टिकले, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. प्रवेशाची रांग लागण्यापूर्वी हे आकडे गावोगावच्या फलकांवर लागावेत.