मुलगी कुठल्या गटात खेळणार?

मुली सावध खेळतात, धोका पत्करत नाहीत, असं बुद्धिबळाच्या शिबिरांतून आजही ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यांनी 1988च्या थेस्सालोनिकीतल्या स्त्रियांच्या ऑलिंपियाडमधला एक डाव पटावर मांडून पाहावा. हंगेरीची ज्युडिट पोल्गर, वय 12. समोर बल्गेरियाची पाव्हलिना अँगेलोव्हा. सुरुवात सिसिलियन बचावाची. सहाव्याच चालीला ज्युडिटने एक प्यादं बिनदिक्कत मारायला दिलं, आणि 17 चालींत डाव जिंकला. त्याच वर्षी बारा वर्षांखालच्या मुलग्यांच्या गटात ती जगज्जेती झाली!

आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकरने 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकलं, तेव्हा केवढा गहजब झाला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युव्हे यांना सांगावं लागलं, स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

म्हणजे नियमाची आडकाठी कधीच गेली. मुलींचा वेगळा गट नकोच, असं मी म्हणत नाही. पण तिथं बक्षीस सोपं म्हणून आपणच पोरीला तिथं बसवतो. (परगावी सोबत कोण जाणार, हाही प्रश्न असतोच.) मैत्रिणींनो, पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी तिला एकदा विचारा तरी.