बुकपोस्ट परस्पर बंद करणाऱ्यांस

टपालाचे दर ठरवणाऱ्या सर्व वरिष्ठांना,


दर वाढले म्हणून रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाही. डिझेल वाढलं, पगार वाढले, पत्रं घटली. पिशवीत दहा पत्रं असोत की एक, पोस्टमनला वस्तीपर्यंत सायकल मारावीच लागते. पन्नास पैशांच्या कार्डामागे तुमच्या खिशातून किती जातात, याची कल्पना आम्हा खेड्यापाड्यातल्या लोकांनाही आहे. दुखलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

डिसेंबर 2024 मध्ये तुम्ही छापील पुस्तकांची सवलतीची बुकपोस्ट बंद केलीत. दर वाढवला असता तर भांडलो असतो आणि भरलाही असता. तुम्ही तो रकानाच खोडलात. वैजापुरात राहून पुस्तकं काढणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळलं कधी? काउंटरवर गठ्ठा काट्यावर चढल्यावर. खाकी कागद, सुतळी, आत चिठ्ठी नाही, आडवं ठसठशीत ‘बुक पोस्ट’: सगळं रीतसर. समोरची बाई बिचारी ओशाळून म्हणाली, “काका, आता हे पार्सलमध्ये जाईल.” तिचा काय दोष? पाच किलो पुस्तकांना पूर्वी ऐंशीच्या आसपास लागायचे, ते एकदम सव्वादोनशेच्या पुढे गेले. शंभर रुपयांचा कवितासंग्रह गडहिंग्लजच्या वाचकाला पाठवताना मी त्याच्याकडे टपालखर्च कोणत्या तोंडाने मागू?

आमच्या भागाला टपालाच्या भिंती नव्या नाहीत म्हणा. 1854 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला. वैजापूर मात्र निजामाच्या राज्यात. संस्थानाचं तिकीट संस्थानापुरतं. शेजारचं येवलं इंग्रजी मुलखात, म्हणजे त्या तिकिटाला परकंच. 1950 मध्ये हैदराबादचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं, तेव्हा आमच्याकडच्या पत्राला देश खुला झाला. एकच दर म्हणजे काय असतं, हे आम्हाला जरा उशिरा कळलं, म्हणून त्याचं अप्रूप जास्त.

खरी चूक माझ्या मते जुनीच आहे. 1898 च्या टपाल कायद्यात पत्रांच्या दराची कमाल मर्यादा परिशिष्टात होती. ती वाढवायची तर संसदेत, बहुधा अर्थसंकल्पाबरोबर, दुरुस्ती आणावी लागे. त्यामुळे दरवाढ उघडपणे व्हायची, वर्तमानपत्रात छापून यायची, विरोधक आरडाओरडा करायचे. त्या आरडाओरड्याला घाबरूनच की काय, साधं पाकीट 2001 पासून वर्षानुवर्षं पाच रुपयांवर ठेवलंत. दोन-चार वर्षांनी रुपया-आठ आणे वाढवत गेला असतात तर कुणी मेलं नसतं! जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दर ठरवणं टपाल महासंचालकांच्या विनियमांवर आलं. सोयीचं असेल. पण आता काय गेलं, काय राहिलं, हे आम्हाला काट्यासमोर उभं राहिल्यावर कळतं.

ओरड झाल्यावर 1 मे 2025 पासून तुम्ही ‘ज्ञान पोस्ट’ आणलीत. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, कर वेगळा. दर रास्त आहेत, हे मोकळेपणाने कबूल करतो. मधल्या महिन्यांत ज्यांची पुस्तकं घरातच पडून राहिली, त्यांना एक ओळीचा खुलासा तरी? आणि अट काय, तर जाहिराती असलेलं प्रकाशन चालणार नाही. अहो, मराठी दिवाळी अंक जाहिरातींवरच जगतो! कापड दुकान, पतसंस्था, साखर कारखाना यांची पानं काढलीत तर लेखकाचं मानधन सोडा, कागदाचेही पैसे निघत नाहीत. म्हणजे ज्या महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षं दिवाळी अंक निघतात, तिथला अंक तुमच्या ‘ज्ञाना’त बसत नाही.

तेव्हा मागणं एवढंच. दिवाळी अंकांना आणि लहान नियतकालिकांना, त्यात जाहिराती असल्या तरी, ज्ञान पोस्टमध्ये घ्या. हवं तर जाहिरातींच्या पानांची मर्यादा घाला, दर दोन पैसे जास्त लावा. आणि पुढच्या वेळी एखादी सेवा काढून घ्यायची असेल तर निदान तीन महिने आधी प्रत्येक टपाल कार्यालयाच्या फळ्यावर मराठीत लिहा.

कळावे,
वैजापूरचा एक पुस्तकवाला