चलाची अट उत्तरात दिसली पाहिजे

संगणकीय बीजगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतीकात्मक चल म्हणजे किंमत न दिलेले नाव. आकडे भरण्याआधीच त्यावर अवकलन, समाकलन करता येते हे या साधनांचे सामर्थ्य असले, तरी त्या नावाच्या जागी पुढे कोणती संख्या येईल हे गणित चालू असताना ठाऊक नसते आणि बहुतेक चुका तेथेच शिरतात.

क्षच्या म-व्या घाताचे समाकलन घ्यावे. मॅथेमॅटिका क्षचा (म + १)-वा घात भागिले (म + १) असे सरळ उत्तर देते, पण म उणे १ असल्यास छेद शून्य होतो, हे त्या उत्तरात कोठेच नसते. एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या मॅकसायमा प्रकल्पाचा वारसा सांगणारी मॅक्सिमा ही प्रणाली मध्येच थांबून म उणे १ आहे का असे विचारते. मात्र दिलेला जवाब उत्तरात नोंदला जात नाही, आणि जवाब द्यायला कोणी समोर नसेल तर गणित अडते. पायथनवर आधारलेली सिम्पाय दोन्ही शाखा लिहिते: म उणे १ नसेल तर वरील सूत्र, एरवी लॉगरिदम. हे उत्तर लांबट असले तरी तेच प्रामाणिक आहे, आणि अहवाल सुटसुटीत दिसावा म्हणून त्यातील दुसरी शाखा छाटणे योग्य नाही.

चल धन आहे, पूर्णांक आहे, अशी गृहीतके जोडण्याची सोय सिम्पायमध्ये आहे. काहीच न सांगितल्यास चल संमिश्र मानले जाते, म्हणून क्षच्या वर्गाचे वर्गमूळ तेथे आपोआप क्ष होत नाही. परंतु एका फाइलमध्ये धन म्हणून घोषित केलेला क्ष आणि दुसरीत नुसताच घोषित केलेला क्ष पडद्यावर सारखे दिसूनही सॉफ्टवेअरच्या लेखी भिन्न असतात. त्यांची वजाबाकी शून्य येत नाही. चलांची घोषणा एकाच ठिकाणी करून तीच सर्वत्र वापरणे, हा यावरचा साधा उपाय.

सर्वांत फसवे प्रकरण टाइप केलेल्या सूत्राचे आहे. कँटिलिव्हर तुळईच्या मोकळ्या टोकावर भार असता तेथील विक्षेपाच्या सूत्रात भार आणि लांबीचा घन यांच्या गुणाकाराला ३ ई आय ने भागतात. ई म्हणजे यंगचा गुणांक, आय म्हणजे छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. हे सूत्र मोठ्या लिपीतील अक्षरांत मजकूर म्हणून सिम्पायच्या सिम्पिफाय या फलनाला दिले, तर ते ई हा नैसर्गिक लॉगरिदमचा पाया आणि आय हे उणे १ चे वर्गमूळ समजते, आणि कोणतीही सूचना न देता तुळईचा विक्षेप काल्पनिक संख्येत सांगते. ही अक्षरे चले आहेत असे सांगणारा कोश सिम्पिफायला सोबत द्यावा लागतो. शिवाय सिम्पिफाय आतून पायथनचे इव्हॅल वापरते, म्हणजे मिळालेला मजकूर प्रोग्राम म्हणून चालवते. त्यामुळे अनोळखी वापरकर्त्याने भरलेला मजकूर न तपासता त्याच्याकडे पाठवणे कोणत्याही सर्व्हरवर धोक्याचेच आहे.